आनंद बाजार आणि अभिरूप बाजार: कुठला कशासाठी भरवायचा?

‘आमच्या शाळेत दरवर्षी आनंद बाजार भरतो, मग हा अभिरूप बाजार, म्हणजे काल्पनिक मालाचं सिम्युलेशन, वेगळा तो काय?’ अर्थशास्त्राच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा प्रश्न यायलाच हवा. दोन्हीकडे मुलं विक्रेते होतात, गिऱ्हाईक होतात, घासाघीस करतात, वर्ग डोक्यावर घेतात. शिकायला मात्र निरनिराळं मिळतं.

आनंद बाजारात माल खरा आणि पैसाही खरा. मेथीच्या जुड्या, भेळ, घरचे लाडू. काय विकायचं, किती आणायचं, भाव काय लावायचा हे मुलीने स्वतः ठरवायचं. शेजारी आणखी तीन भेळवाल्या बसल्या तर तिथल्या तिथे डोकं चालवायचं. पुढे काय होईल हे ठाऊक नसताना निर्णय घेऊन तो निभावणं हाच उद्योजकतेचा गाभा, आणि तो इथे आयता मिळतो. कच्चा राहतो तो हिशेब. चुरमुरे-शेव आईने आणून दिलेली, गॅस घरचा. त्यामुळे गल्ल्यातली सगळी रक्कम ‘नफा’ म्हणून सांगितली जाते. शिवाय पालक कौतुकापोटी खरेदी करतात. भाव का चढला, का पडला, हे त्या गर्दीत नेमकं शोधता येत नाही.

अभिरूप बाजार नेमका त्यासाठीच असतो. माल काल्पनिक, पण प्रत्येकाच्या हातात एक गुप्त चिठ्ठी. समजा पाच ग्राहकांच्या चिठ्ठ्यांवर ६०, ५०, ४०, ३० आणि २० रुपये आहेत. त्याहून जास्त द्यायचे नाहीत. पाच विक्रेत्यांचा खर्च १०, २०, ३०, ४० आणि ५०. त्याहून कमीत विकायचं नाही. एकाने एकच नग घ्यायचा किंवा विकायचा. बोली मोठ्याने लावायची, सौदा ठरला की भाव फळ्यावर लिहायचा. पहिल्या फेरीत भाव कुठेही जातात. तीन-चार फेऱ्यांनंतर ते बहुधा ३० ते ४० च्या पट्ट्यात येऊ लागतात आणि सौदे तीनच्या आसपास होतात, कुणी सांगितलेलं नसताना!

मग शिक्षकाने जाहीर करायचं, ‘आता २५ रुपयांच्या वर भाव नाही.’ घ्यायला चार जण तयार, विकायला दोघेच. टंचाई म्हणजे काय, हे रिकाम्या हातांनी उभ्या राहिलेल्या दोन मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आनंद बाजारात हे दाखवता येणार नाही, कारण तिथे कुणाची खरी मर्यादा किती हे शिक्षकालाच माहीत नसतं.

या पद्धतीला मोठी परंपरा आहे. हार्वर्ड विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी वर्गात भरवलेल्या अशा बाजारावरचा लेख १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या बाजारात विद्यार्थी फिरून दोघा-दोघांत सौदे करत, आणि भाव सिद्धान्तातल्या समतोल किंमतीला (जिथे मागणी आणि पुरवठा सारखे होतात) जुळले नाहीत. त्यात विद्यार्थी म्हणून भाग घेतलेल्या व्हर्नन स्मिथ यांनी पुढे पर्ड्यू विद्यापीठात दोन बदल केले: बोली सर्वांसमोर आणि फेऱ्या पुन्हा पुन्हा. भाव समतोलाकडे सरकू लागले. प्रायोगिक अर्थशास्त्रातल्या कामासाठी स्मिथ यांना २००२ मध्ये नोबेल मिळालं. नियम बदलले की निकाल बदलतो, ही गोष्ट मला प्रशिक्षणात सर्वांत महत्त्वाची वाटते. पहिल्या सत्रात शिक्षकांना पीपीटी दाखवण्याऐवजी त्यांच्याच हातात चिठ्ठ्या द्याव्यात आणि चेंबरलिन व स्मिथ या दोघांच्याही पद्धतींनी बाजार खेळून घ्यावा.

शिक्षकाला अवघड जातं ते गप्प बसणं. फळ्यावर मागणी-पुरवठ्याची आकृती आधी काढली की मुलं उत्तर जुळवायला खेळतात. आकृती शेवटी, सगळ्या चिठ्ठ्या उघड करून, मुलांकडूनच काढून घ्यावी. त्या चर्चेला खेळाइतकाच वेळ द्यावा. घंटा झाली म्हणून ती उद्यावर ढकलली तर निम्मा धडा हातचा गेला.

अभिरूप बाजाराने उद्योजकता शिकवली असं मात्र समजू नये. खर्च चिठ्ठीवर छापलेला, माल ठरलेला. मुलाने नवं काही शोधायला वावच नाही. म्हणून अकरावीला समतोल किंमत शिकवताना आधी चिठ्ठ्यांचा बाजार घ्यावा आणि आनंद बाजाराआधी प्रत्येक गटाला वहीत तीन रकाने आखून द्यावेत: घरून आलेल्या सामानाची किंमत, आपण दिलेला वेळ, उरलेला माल. विक्रीचा आकडा त्यानंतर लिहायचा.