टपाचा गंज: डाग एकीकडे, खड्डा दुसरीकडे

कोकणपट्टीत दहा-पंधरा वर्षं राबलेल्या एखाद्या ओम्नी व्हॅनचा टप शिडीवर चढून बघा. मधल्या सपाट भागावरचा रंग उन्हाने विटलेला असतो, पण पत्रा बहुधा शाबूत असतो. गंज धरलेला असतो तो कडेच्या पन्हळीत, कॅरिअरचे पाय जिथे आवळलेत तिथे आणि पुढच्या काचेच्या रबराखाली. पाऊस ज्यावर सरळ कोसळतो ती जागा बरी आणि झाकलेली जागा खराब, असा हा प्रकार आहे.

याचा उलगडा ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात केंब्रिजमध्ये केला, तोही एका थेंबावर. घासून लख्ख केलेल्या पोलादावर त्यांनी मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला. त्यात दोन रसायनं होती: विरघळलेलं लोखंड भेटलं की निळं होणारं एक, आणि अल्कली तयार झाली की गुलाबी होणारं दुसरं. थोड्या वेळाने थेंबाचा मध्य निळा झाला, काठ गुलाबी झाला आणि तांबूस गंजाचं कडं या दोहोंच्या मधे उमटलं.

काठाला पाणी उथळ असतं, म्हणून हवेतला ऑक्सिजन तिथे सहज पोचतो. मध्यावर तो कमी पोचतो. जिथे ऑक्सिजन कमी, तिथलं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतं. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच काठाकडे जातात आणि तिथला ऑक्सिजन ते घेतो. थोडक्यात, पत्र्यावर एक चिमुकली बॅटरी चालू होते आणि मीठ तिचा प्रवाह वाढवतं. झिजतो तो मधला भाग आणि गंज साचतो त्याच्या शेजारी. पन्हळीतल्या तडकलेल्या सीलंटखाली (सांधा बुजवणाऱ्या लुकणाखाली), कॅरिअरच्या पायाखाली नेमकी हीच परिस्थिती असते: ओल आहे, मीठ आहे आणि हवा कोंडलेली. बाहेर दिसणारा तांबडा ओघळ ही फक्त खबर. खड्डा आत, झाकणाखाली असतो.

पावसाळा सरला की गंज थांबतो, असं मानणाऱ्यांनी मिठाचा स्वभाव लक्षात घ्यावा. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात असलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडला तर ३३ टक्केही पुरतात. किनाऱ्यावर रात्री निदान एवढी, ३३ टक्के, आर्द्रता बाराही महिने असते. त्यात टप मोकळ्या आकाशासमोर आडवा पसरलेला. रात्री तो उष्णता आकाशाकडे सोडून भोवतालच्या हवेहूनही थंड होतो, म्हणून दंव आधी टपावर पडतं, दारांवर नंतर. मासळी किंवा बर्फ वाहणारी व्हॅन असेल तर आतल्या दमट हवेचं पाणी पत्र्याच्या खालच्या अंगालाही जमतं, आणि ते अस्तरामुळे कुणाला दिसत नाही.

दुरुस्ती म्हणून आधी उघडायचं काम. कॅरिअर उतरवायचा, आतलं अस्तर काढायचं, जुनं सीलंट खरवडून टाकायचं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. त्यामुळे रंगाचा छोटासा फुगा दिसला तरी त्याखालचा पसारा मोठा असतो. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघावं. अशा गाड्यांचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा. टोक आत गेलं तर घासण्यात वेळ घालवू नये.

पत्रा भरीव असेल तर वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने चकाकी येईपर्यंत घासायचं आणि मग गोड्या पाण्याने पुन्हापुन्हा धुवायचं. डेंटिंग-पेंटिंगच्या घाईत हमखास गळणारी पायरी हीच. खड्ड्यांच्या तळाशी मिठातलं क्लोराइड उरलं की वरचा रंग कितीही महाग असो, खाली ती बॅटरी पुन्हा सुरू होते. धुऊन, खडखडीत सुकवून त्याच दिवशी प्रायमर मारावा.

बाजारात मिळणारी गंज 'बदलणारी' द्रावणं थोतांड नाहीत. त्यांतलं फॉस्फोरिक आम्ल गंजाचं लोहफॉस्फेट करतं. टॅनिन असलेली द्रावणं त्याचं निळसर-काळं संयुग करतात. पूर्वी हिरड्याच्या टॅनिनयुक्त काढ्यात हिराकस (लोखंडाचा एक क्षार) घालून काळी शाई करत, तिच्यातलं रसायन याच जातीचं. पण द्रावण पातळ थरापुरतंच पोचतं. पापुद्रे सुटलेल्या गंजावर ते ओतलं तर वरचा पापुद्रा काळा होतो, खालचा तसाच राहतो.

भोक पडलं असेल तर चांगला पत्रा लागेपर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करावा. गाडीच्या बॅटरीची वायर आधी सोडायची, आणि लांब सलग वेल्ड न करता थोडं थोडं टिपत जायचं. नाहीतर एवढा पातळ पत्रा तापून वाकतो. भोकात जाळी कोंबून वर पुट्टी थापणं मला तरी दुरुस्ती वाटत नाही. पुट्टीतली भुकटी पाणी शोषते आणि ते लोखंडाला चिकटून ठेवते.

प्रायमर दोन भागांचा एपॉक्सी असावा. नेहमीचा रेड ऑक्साइड स्वस्त पडतो. गंमत अशी की त्याचं लाल रंगद्रव्य हेही लोखंडाचं ऑक्साइडच, फक्त बारीक दळलेलं आणि रंगात बांधलेलं. तो पाण्याला एपॉक्सीइतका अडवत नाही. प्रायमरवर पन्हळीत नवं सीलंट, मग रंग. वेल्डच्या आतल्या बाजूचा रंग उष्णतेने जळालेला असतो, म्हणून अस्तर परत लावण्याआधी तिथेही प्रायमर आणि वर मेणाचा फवारा हवा.

कॅरिअर बसवताना पायांखाली रबर घालतात, ते रंग खरचटू नये म्हणून ठीक. पण त्याखाली ओल कोंडते आणि इव्हान्सचा थेंब पुन्हा तयार होतो. वर्षातून दोनदा, विशेषतः ऑक्टोबरात, बोल्ट सैल करून ती जागा धुवावी आणि उन्हात सुकू द्यावी.