द्राक्षरसातील साखर मोजताना

द्राक्षे पिकल्याचे जिभेला कळते, पण वाइन करणाऱ्याचे तेवढ्यावर भागत नाही. रसातील साखरेचेच यीस्टमुळे अल्कोहोल होणार असल्याने त्याला आकडा हवा असतो. हा आकडा बहुधा अंश ब्रिक्समध्ये सांगतात. १०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम सुक्रोज असेल, तर ते द्रावण १ अंश ब्रिक्सचे. वाइनची द्राक्षे साधारणपणे २० ते २५ अंशांवर तोडतात आणि २२ अंशांच्या रसातून सुमारे १२ ते १३ टक्के अल्कोहोलची वाइन मिळते.

मात्र हा आकडा देणारी नेहमीची दोन्ही उपकरणे साखरेला थेट हात घालत नाहीत. रिफ्रॅक्टोमीटरच्या प्रिझमवर रसाचे दोन थेंब टाकून, झाकण मिटून ते उजेडाकडे धरले की निळ्या आणि पांढऱ्या भागांमधली रेघ पट्टीवर जिथे येते, तो आकडा वाचायचा. प्रकाश किती वळला, एवढेच ती रेघ सांगते: २० अंश सेल्सिअसला पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, तर २० ब्रिक्सच्या द्रावणाचा सुमारे १.३६४ असतो. हायड्रोमीटर घनता मोजतो. रस जितका दाट, तितका तो वर तरंगतो. रसातील आम्ले आणि क्षारही दोन्ही मापनांत मिसळतात, पण विरघळलेल्या पदार्थांत ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचाच वाटा फार मोठा असल्याने ताज्या रसापुरता अंदाज चांगला जमतो.

खरी चूक बहुधा उपकरणाच्या आधीच झालेली असते. एकाच घडातले मणी सारखे पिकत नाहीत, उन्हातले आणि सावलीतले घड तर नाहीतच. म्हणून चाखायला हात आपोआप जातो ते टपोरे मणी टाळून, बागेभरातून शंभरेक मणी गोळा करून त्यांचा एकत्र रस तपासावा, हे महागड्या उपकरणापेक्षा अधिक मोलाचे.

किण्वन सुरू झाले की मात्र दोन्ही उपकरणे परस्परविरुद्ध दिशांना भरकटतात. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असल्याने साखर जवळजवळ संपलेल्या वाइनमध्ये हायड्रोमीटर शून्याच्याही खाली उतरतो. अल्कोहोलचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा जास्त असल्याने त्याच वाइनमध्ये रिफ्रॅक्टोमीटर सात-आठ अंशही दाखवू शकतो. सुरुवातीचा ब्रिक्स ठाऊक असेल, तर सूत्राने ही दुरुस्ती बऱ्यापैकी करता येते. पण लिटरमागे दोन-चार ग्रॅमच साखर उरली आहे का, हे ठरवायचे असेल, तर रासायनिक किंवा एन्झाइम चाचणीच करावी लागते.