चालणं एक, क्रियापदं शंभर

ट्रेडमिलवर एक तरुणी चालतेय. आधी अगदी सावकाश. मग पट्ट्याचा वेग थोडाथोडा वाढत जातो, ती झपझप चालायला लागते आणि एका टप्प्यावर पळायलाच लागते. मानसशास्त्रज्ञ बार्बरा मॉल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चित्रफिती इंग्रजी, डच, स्पॅनिश आणि जपानी बोलणाऱ्यांना दाखवल्या आणि विचारलं, ही काय करतेय, ते तुमच्या भाषेत सांगा. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. चार भाषांचे चार वेगळे शब्दसाठे, पण 'चालणं'वाले शब्द सोडून 'पळणं'वाले शब्द लोकांनी जिथे उचलले, ती जागा सगळ्यांची एकच निघाली.

ही जागा कुठल्या भाषेने ठरवलेली नाही, ती आपल्या पायांनी ठरवलेली आहे. चालताना एक तरी पाऊल कायम जमिनीवर असतं. टेकलेला पाय जवळजवळ ताठ राहतो आणि शरीर त्याच्यावरून उलट्या लंबकासारखं पुढे झुकतं, म्हणजे पाय बरोबर खाली असताना कंबर सर्वात उंच असते. पळताना नेमकं उलट होतं. पाय गुडघ्यात वाकतो, कंबर खाली दबते, टाचेमागची शीर ताणली जाते आणि तो ताण सुटताना शरीर वर उडतं. क्षणभर दोन्ही पावलं हवेत असतात. उलट्या लंबकाला वेगाची मर्यादा आहे, कारण शरीर पायाभोवती जो कमानीसारखा मार्ग कापतं, त्यावर त्याला खाली ओढून धरायचं काम फक्त गुरुत्वाकर्षण करतं. ९० सेंटिमीटर लांबीच्या पायासाठी ही मर्यादा सेकंदाला सुमारे ३ मीटर भरते. प्रत्यक्षात बहुतेक माणसं त्याच्या बरीच आधी, सेकंदाला २ मीटरच्या आसपास, म्हणजे तासाला ७ किलोमीटरच्या वेगाला पळायला लागतात. पाय आखूड असेल तर ही सीमा आणखी अलीकडे येते. म्हणून आई नुसती भरभर चालत असते आणि तिचं बोट धरलेलं पोर मात्र पळत असतं. चंद्रावर गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश, त्यामुळे अंतराळवीर तिथे चालण्यापेक्षा उड्या मारत जाणं पसंत करायचे.

(शर्यतीत चालणारे खेळाडू ही सीमा कंबर हलवून हलवून पुढे ढकलतात. तासाला १५ किलोमीटर वेगाने ते 'चालतात'. नियम सांगतो की टेकलेला पाय गुडघ्यात सरळ हवा, आणि दोन्ही पावलं एकदम जमिनीवरून सुटलेली नुसत्या डोळ्यांना दिसता कामा नयेत. पंचाच्या डोळ्यांवर खेळाची व्याख्या सोपवणारा हा नियम मला फार आवडतो.)

ही एक सीमा सोडली तर बाकीच्या जमिनीवर प्रत्येक भाषा स्वतःचे बांध घालते. आणि इंग्रजीने घातलेले बांध मोजता मोजता दमायला होतं. भाषावैज्ञानिक बेथ लेविन यांनी १९९३ साली इंग्रजी क्रियापदांची जी मोठी वर्गवारी केली, तिच्यात माणूस किंवा प्राणी कसा हलतो हे सांगणारी क्रियापदं शंभराहून जास्त आहेत. शब्दकोशात बघायला जावं तर स्ट्रोल म्हणजे सावकाश चालणे, सॉन्टर म्हणजे सावकाश चालणे, अँबल म्हणजे सावकाश चालणे, आणि ट्रज, प्लॉड हेसुद्धा सावकाश चालणेच. इंग्रजी शिकणारी मुलं वैतागतात ते उगाच नाही.

यातला एक गट निव्वळ शरीराचा आहे आणि तिथे फरक स्पष्ट दाखवता येतो. साधं चालताना प्रत्येक पाऊल एका फेऱ्यातला साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असतं. एक पाय दुखत असेल तर माणूस त्याच्यावरचा भार पटकन काढून घेतो आणि दोन पावलांची लय विषम होते. हे लिम्प. दोन्ही पाय कुरकुरत असतील, पावलं आखूड आणि अडखळती पडत असतील तर हॉबल. शफल वेगळंच. पुढे येणारं पाऊल जमिनीपासून किती उचललं जातं याची आपल्याला कल्पना नसते. बोटांखाली मोकळी राहणारी जागा जेमतेम एक-दोन सेंटिमीटर असते. तेवढीही राहिली नाही, पाय फरशीला घासत पुढे सरकायला लागला, की झालं शफल. पार्किन्सनच्या रुग्णाची चाल अशी असते, आणि आपल्याकडचे डॉक्टरही केसपेपरवर 'शफलिंग गेट' (गेट म्हणजे चाल) असंच लिहितात. खुब्याचे स्नायू कमजोर असतील तर माणूस प्रत्येक पावलाला बदकासारखा डुलतो, ते वॉडल. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूवर परिणाम झाला की पाय फाकून, भेलकांडत चालणं होतं, आणि दारू नेमका त्यावरच हल्ला करते. स्टॅगर हा शब्द दोन्हीकडे चालतो. पाय फाकलेले तर नुकत्याच चालायला लागलेल्या बाळाचेही असतात, पण त्याला स्टॅगर म्हणत नाहीत, टॉडल म्हणतात. तोल दोघांचाही कच्चा, एकाचा जातोय आणि एकाचा येतोय.

दुसरा गट मात्र पायांपेक्षा मनाचा. स्ट्रोल आणि सॉन्टर यांची चित्रफीत काढली तर पावलं बहुधा सारखीच दिसतील. स्ट्रोल करणारा संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालेला असतो. सॉन्टर करणाऱ्याला घाई नाही एवढंच नव्हे, तर आपल्याला घाई नाही हे त्याला थोडंसं दाखवायचंही असतं. सभा सुरू होऊन अर्धा तास झाल्यावर जो आरामात आत येतो, तो सॉन्टर करत येतो. ट्रज म्हणजे चिखलातून, बर्फातून, किंवा नुसत्या थकव्यातून पाय उपसत जाणं. प्लॉडमध्ये थकवा असेलच असं नाही, पण एकसुरीपणा हवा. मार्च तर लयीचा शब्द असूनही साहेबाच्या खोलीत तणतणत शिरणाऱ्या एकट्या माणसालाही लागतो. इथे निर्धार मोजला जातो, पावलं नाही.

एवढे शब्द इंग्रजीलाच का लागावेत? इंग्रज जास्त चालतात म्हणून नाही. याचं उत्तर वाक्याच्या घडणीत आहे आणि ते लिओनार्ड टाल्मी या भाषावैज्ञानिकाने मांडलं. आपण म्हणतो, 'तो लंगडत खोलीबाहेर पडला.' मुख्य क्रियापद बाहेर पडण्याचं. लंगडणं त्याला जोडून आलेलं. इंग्रजी म्हणते, 'ही लिम्प्ड आउट ऑफ द रूम.' बाहेर जाण्याचं काम 'आउट'सारख्या एका चिटुकल्या शब्दावर भागतं, क्रियापदाची जागा रिकामी राहते आणि तिथे कसं गेला हे सांगायची सोय होते. अशी सोय शतकानुशतकं असली की शब्द साठत जातात. स्पॅनिश, तुर्की, जपानी आणि आपण बहुतांशी दुसऱ्या बाजूला. 'तो घरात पळाला' असं आपणही म्हणतोच, त्यामुळे ही काही पोलादी भिंत नाही.

डॅन स्लोबिन यांनी याची गमतीदार परीक्षा घेतली. शब्द नसलेलं एक चित्रपुस्तक वेगवेगळ्या भाषांच्या मुलांना आणि मोठ्यांना दाखवून गोष्ट सांगायला लावली. त्यात झाडाच्या ढोलीतून घुबड बाहेर येतं. स्पॅनिश बोलणाऱ्यांचं घुबड बहुतेक वेळा नुसतं 'बाहेर आलं'. इंग्रजीत ते अनेकदा टुणकन उगवलं, किंवा उडत बाहेर आलं.

मराठीचा साठा मात्र क्रियापदांत शोधला तर फसायला होतं. लंगडणे, रांगणे, सरपटणे, भटकणे असे काही सापडतील, पण खरा ऐवज आहे तुरुतुरु, तरातरा, दुडूदुडू, झपझप, लगबग यांच्यात. तरातरा चालणाऱ्या माणसाचा राग आणि तुरुतुरु चालणाऱ्याची लहान पावलं न सांगता कळतात. जपानीत हेच आहे: तिथलं बाळ 'योचियोची' चालतं, खचलेला माणूस 'तोबोतोबो'. क्रियापद तेच साधं, 'चालणे'.

मग क्रियापदांत 'कसं' भरणारी माणसं जगाकडे वेगळं बघतात का? ॲना पापाफ्रागू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्येच इंग्रजी आणि ग्रीक बोलणाऱ्यांना हालचालींची छोटी चलतचित्रं दाखवली आणि त्यांचे डोळे कुठे वळतात ते टिपलं. ग्रीक भाषाही स्पॅनिशसारखी, 'कुठे'ला क्रियापदात जागा देणारी. नुसतं बघून लक्षात ठेवायला सांगितलं तेव्हा दोन्ही गटांची नजर सुरुवातीला सारखीच फिरली. बघून झाल्यावर वर्णन करायचंय असं आधी सांगितलं, तेव्हा मात्र इंग्रजी बोलणाऱ्यांचे डोळे आधी हालचालीच्या तऱ्हेकडे गेले आणि ग्रीकांचे, ती हालचाल जिथे पोचणार होती तिकडे.