प्रथिनातला बदल: जागा आधी ठरवायची की विजेता नंतर निवडायचा?

एखादं एन्झाइम जास्त तापमानाला टिकेल असं केलं, औषध म्हणून दिलं जाणारं प्रथिन लवकर काम करेल असं केलं, अशा बातम्यांत एक वाक्य हमखास असतं: ‘शास्त्रज्ञांनी जीनमध्ये म्युटेशन घडवून प्रथिन सुधारलं.’ वाक्य चूक नाही. पण कोणतं म्युटेशन हवं हे आधी माहीत होतं की ते शोधून काढावं लागलं, हे त्यातून कळत नाही, आणि खरी गंमत तर तिथेच आहे. प्रोटीन इंजिनिअरिंगमध्ये दोन मोठ्या वाटा आहेत: साइट-डायरेक्टेड म्युटाजेनेसिस आणि डायरेक्टेड इव्होल्यूशन. दोन्हींत जीन प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे जिवाणूंतल्या डीएनएच्या छोट्या कड्यात, घालून जिवाणूंत वाढवतात, दोन्हींत डीएनएची अक्षरं बदलतात आणि शेवटी हातात बदललेलं प्रथिन येतं. त्यामुळे नवख्या वाचकाला त्या एकाच कामाच्या दोन आवृत्त्या वाटतात. तसं नाही. पहिल्या वाटेवर माणूस बदल ठरवतो. दुसऱ्या वाटेवर बदल यादृच्छिक असतात, माणूस ठरवतो तो फक्त निवडीचा निकष.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. इथे बोलणं चाललंय ते प्रयोगशाळेत, परीक्षानळीतल्या जीनवर केलेल्या म्युटेशनबद्दल. आईवडिलांकडून आलेलं किंवा पेशी विभागताना शरीरात घडलेलं म्युटेशन हा वेगळा विषय आहे. अक्षरबदलाचं रसायन तेच, पण इथे कुणाच्याही जीनोमला हात लागत नाही.

अक्षर ठरवून बदलणं

साइट-डायरेक्टेड म्युटाजेनेसिसची मूळ कल्पना फार देखणी आहे. डीएनएच्या एका साखळीला जुळणारा छोटा तुकडा, म्हणजे प्रायमर, कृत्रिमरीत्या बनवायचा आणि त्यात मुद्दाम एक अक्षर चुकीचं ठेवायचं. बाकीची अक्षरं जुळत असल्यामुळे तो तुकडा आपल्या जागी चिकटतो. पॉलिमरेज एन्झाइम तिथून पुढे साखळी वाढवतं आणि ती ‘चूक’ नव्या प्रतीत कायमची उतरते. मायकेल स्मिथ, क्लाइड हचिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये फाय-एक्स-१७४ या जिवाणूभक्षी विषाणूवर हे करून दाखवलं. स्मिथ यांना १९९३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते त्यांनी पीसीआरचे, म्हणजे डीएनएच्या नळीतच भरपूर प्रती काढण्याच्या तंत्राचे, जनक कॅरी मुलिस यांच्यासोबत वाटून घेतलं.

विषाणू हाच का, हे पाहण्यासारखं आहे. फ्रेडरिक सँगर यांच्या गटानं १९७७ मध्ये याच विषाणूचा जवळजवळ साडेपाच हजार अक्षरांचा पूर्ण जीनोम वाचून प्रसिद्ध केला होता. डीएनए असलेला पूर्ण वाचला गेलेला तो पहिला जीनोम, आणि स्मिथ व हचिसन हे दोघंही त्या कामात होते. अक्षरं वाचलेलीच नसतील तर कोणतं अक्षर चुकवायचं हे कसं ठरवणार? जीनोमिक्स आणि प्रोटीन इंजिनिअरिंग यांचं नातं इतकं जुनं आहे.

आज प्रयोगशाळेत हे काम बहुधा पीसीआरनं होतं. बदललेली अक्षरं असलेले दोन प्रायमर घेऊन अख्ख्या प्लाझ्मिडची प्रत काढतात. मग डीपीएन-वन नावाचं एन्झाइम घालतात. जिवाणूतून आलेल्या मूळ प्लाझ्मिडवर मिथाइलच्या खुणा असतात, नळीत तयार झालेल्या नव्या प्रतीवर नसतात. डीपीएन-वन खुणा असलेलं जुनं तेवढं कापून टाकतं. उरलेलं जिवाणूंत घालायचं, दोनचार कॉलनी, म्हणजे एकेका जिवाणूपासून वाढलेले ठिपके, उचलायच्या आणि सिक्वेन्सिंग करून, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून, हवं ते अक्षर आलं की नाही ते तपासायचं. हातात येणारे प्रकार मोजके, आणि प्रत्येकाचा पत्ता ठाऊक.

हे तंत्र कठीण नाही. कठीण असतं ते कोणतं अक्षर बदलायचं हे ठरवणं. त्यासाठी प्रथिनाची त्रिमितीय रचना, त्याच्या कामाची रासायनिक पद्धत आणि भाऊबंद प्रथिनांचे क्रम माहीत असावे लागतात. इन्सुलिन लिस्प्रो हे याचं माझ्या मते सगळ्यात स्वच्छ उदाहरण. साधं इन्सुलिन कुपीत सहा-सहाच्या पुंजक्यात राहतं. टोचल्यावर ते पुंजके सुटायला वेळ लागतो, म्हणून असर उशिरा सुरू होतो. इन्सुलिनसारखाच असलेला आयजीएफ-१ हा वाढीचा घटक मात्र असा एकमेकांना चिकटत नाही. दोघांचे क्रम शेजारी ठेवल्यावर दिसलं, की इन्सुलिनच्या बी साखळीत २८ व्या जागी प्रोलिन आणि २९ व्या जागी लायसिन आहे, तर आयजीएफ-१ मध्ये त्याच ठिकाणी क्रम उलटा आहे. मग इन्सुलिनमध्ये त्या दोघांची अदलाबदल केली. ५१ अमिनो आम्लांपैकी फक्त दोघांच्या जागा बदलल्या आणि लवकर शोषलं जाणारं इन्सुलिन मिळालं. १९९६ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं.

लाखो यादृच्छिक प्रकार करून हे इन्सुलिन सापडलं असतं का? जवळजवळ अशक्य. त्वचेखालून रक्तात किती लवकर जातं हा गुण पेट्री डिशवर दिसत नाही. जो गुण स्वस्तात आणि हजारोंच्या संख्येनं मोजता येत नाही, तिथे आधी विचार करण्यावाचून इलाज नसतो.

निकष ठरवून वाट पाहणं

आता उलटी परिस्थिती घ्या. गुण मोजणं सोपं आहे, पण तो कशानं वाढेल याचा अंदाज कुणालाच नाही.

अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत रसायन अभियंता फ्रान्सिस अर्नोल्ड यांच्यापुढे हाच पेच होता. सबटिलिसिन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम. ते पाण्यात उत्तम चालतं, पण डायमिथाइलफॉर्मामाइड या सेंद्रिय द्रावकात त्याचा वेग पार कोसळतो. द्रावकातही ते चालावं म्हणून अर्नोल्ड यांनी आधी विचारपूर्वक बदल करून पाहिले. यश येईना. २७५ अमिनो आम्लांच्या त्या गुंडाळीत द्रावकामुळे नेमकं काय बिघडतं हे सांगणारा भरवशाचा सिद्धांतच नव्हता. शेवटी त्यांनी उत्तर आधी शोधण्याचा हट्ट सोडला.

सबटिलिसिनच्या जीनच्या प्रती काढताना मुद्दाम चुका होतील अशी परिस्थिती ठेवायची. पीसीआरमध्ये हे सहज करता येतं: मिश्रणात मँगनीज घालायचं, चार न्यूक्लिओटाइडचं प्रमाण विषम ठेवायचं, म्हणजे पॉलिमरेज अधूनमधून चुकतं. अशा वेगवेगळ्या चुका असलेल्या जीनच्या संचाला लायब्ररी म्हणतात. ती जिवाणूंत घातली की प्रत्येक कॉलनी एन्झाइमचा एकेक प्रकार बनवते. या कॉलनी वाढल्या त्या थाळीत दुधातलं केसिन हे प्रथिन आणि तो द्रावक मिसळलेला होता. केसिनमुळे थाळी धुरकट दिसते. ज्या कॉलनीचं एन्झाइम द्रावकातही काम करतं, तिच्याभोवतीचं केसिन तुटतं आणि पारदर्शक कडं उमटतं. कडं जितकं मोठं, तितकं एन्झाइम चांगलं. निवड नुसत्या डोळ्यांनी करता येते! शेतकरी सगळ्यात भरलेली कणसं बियाण्याला ठेवतो, तशी मोठ्या कड्याची कॉलनी उचलायची, तिच्या जीनमध्ये पुन्हा चुका घडवायच्या आणि पुन्हा थाळीवर पसरायचं.

१९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात या फेऱ्यांतून आलेला एक प्रकार ६० टक्के द्रावकात मूळ एन्झाइमपेक्षा २५६ पट कार्यक्षम होता. त्यात एकूण दहा अमिनो आम्लं बदललेली होती. ते दहा बदल कुणीही कागदावर आधी लिहू शकलं नसतं. २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा अर्नोल्ड यांना मिळाला तो याच पद्धतीसाठी.

एक आकडेमोड करून बघा. २७५ अमिनो आम्लांच्या प्रथिनात एकच बदल करायचा तर २७५ गुणिले १९, म्हणजे ५,२२५ प्रकार होतात. दोन बदल एकदम करायचे तर सुमारे १ कोटी ३६ लाख. तीन करायचे तर सुमारे २,३५० कोटी. दहापर्यंत सगळे प्रकार तपासणं कुठल्याही प्रयोगशाळेच्या आवाक्यातलं नाही. म्हणून ही पद्धत एकेक पायरी चढते आणि प्रत्येक पायरीवर थोडी तरी सुधारणा दिसावी लागते. हेच तिचं बळ, आणि हीच तिची मर्यादासुद्धा. एकेकटे निरुपयोगी पण जोडीनं उपयोगी असे बदल तिच्या हातून निसटतात. विलेम स्टेमर यांनी १९९४ मध्ये आणलेलं डीएनए शफलिंग यावर काही अंशी उपाय ठरलं. चांगल्या प्रकारांचे जीन तोडून त्यांचे तुकडे पुन्हा जोडायचे, म्हणजे वेगवेगळ्या विजेत्यांमधले बदल एकत्र येतात. १९९८ मध्ये त्यांच्या गटानं याच्याही पुढे जाऊन चार वेगवेगळ्या जिवाणूंमधले एकाच कुळातले जीन एकमेकांत मिसळले. निसर्गानं आधीच पारखून ठेवलेला माल वापरल्यामुळे एकट्या जीनपेक्षा कितीतरी मोठी उडी मिळाली. इथेही जीनोमिक्स मदतीला येतं, कारण अशी भावंडं सापडतात ती वाचलेल्या जीनोममध्येच.

या क्षेत्रात एक वाक्य कायम ऐकू येतं: जे तपासाल तेच मिळेल. थाळीवर केसिन ठेवलंत, तर केसिन तोडण्यात पटाईत एन्झाइम मिळेल. ते तुमच्या खऱ्या कामाच्या रेणूवर चालेलच याची हमी नाही. पहिल्या वाटेवर चूक होते ती रचनेच्या समजुतीत, दुसऱ्या वाटेवर चाचणीत. निष्फळ ठरलेला प्रयोग तपासताना आधी कुठे बघायचं, हे त्यावरूनच ठरतं.

एकच एन्झाइम, २२२ वी जागा

दोन्ही वाटांची तुलना सबटिलिसिनवरच करता येते, हा आपल्यासाठी छान योग आहे. हे एन्झाइम कपडे धुण्याच्या पावडरीत वापरतात. पावडरीतल्या ब्लीचसमोर मात्र ते लवकर निकामी होतं. कारण माहीत होतं: २२१ व्या जागी कामाचं सिरीन आहे आणि त्याला खेटून २२२ व्या जागी मेथिओनिन. ब्लीच त्या मेथिओनिनमधल्या गंधकाला ऑक्सिजन जोडतो आणि एन्झाइम थंडावतं. १९८५ मध्ये जेनेन्टेक या जैवतंत्रज्ञान कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या एकाच जागी बाकीची सगळी १९ अमिनो आम्लं एकेक करून बसवून पाहिली. सिरीन, अ‍ॅलनिन किंवा ल्युसिन असलेले प्रकार तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइडमध्येही टिकले. सिस्टीनमध्येही गंधक असतं, त्यामुळे तो प्रकार टिकला नाही.

समजा, हेच काम यादृच्छिक चुकांवर सोपवलं असतं तर? मेथिओनिनचा कोडॉन, म्हणजे एक अमिनो आम्ल सांगणारी डीएनएची तीन अक्षरं, आहे एटीजी. त्यातलं एकच अक्षर बदललं तर ल्युसिन, व्हॅलिन, आयसोल्युसिन, थ्रिओनिन, लायसिन आणि आर्जिनिन ही सहाच अमिनो आम्लं मिळू शकतात. अ‍ॅलनिनचे कोडॉन जीसीनं सुरू होतात, म्हणजे तिथे पोचायला दोन अक्षरं एकदम बदलावी लागतात. सिरीनचंही तेच. चुका घडवणाऱ्या पीसीआरमध्ये संपूर्ण जीनमध्ये मोजक्याच चुका होतात. त्यातल्या दोन नेमक्या एकाच कोडॉनमध्ये पडणं फार दुर्मिळ. म्हणजे जेनेन्टेकला मिळालेल्या तीन चांगल्या उत्तरांपैकी दोन या वाटेवर जवळपास दिसलीच नसती. ‘यादृच्छिक’ म्हणजे सगळ्या शक्यतांना समान संधी, असं वाटतं. जनुकीय संकेत तशी संधी देत नाही. ही बाब शिकवताना हमखास सुटते, पण दोन पद्धतींतली निवड कित्येकदा हिच्यावरच ठरते.

१९८५ च्या त्या प्रयोगात जागा ठरवली होती विचारानं, पण तिथे काय बसवायचं ते ठरवलं चाचणीनं. आज बरंचसं काम अशाच मधल्या वाटेनं होतं. मधुमेहावरच्या सिटाग्लिप्टिन या औषधासाठी कोडेक्सिस आणि मर्क या कंपन्यांनी घडवलेलं ट्रान्सअमिनेज एन्झाइम घ्या. मूळ एन्झाइमच्या पोकळीत हवा तो रेणू मावतच नव्हता, त्यामुळे काम शून्य. आणि शून्यातून निवडायचं काय? म्हणून आधी संगणकावर रचना पाहून पोकळी रुंद केली. थोडंसं काम दिसू लागल्यावर निवडीच्या फेऱ्या लावल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम एन्झाइममध्ये २७ म्युटेशन होती. त्यानं ऱ्होडियम वापरून उच्च दाबाखाली होणारी रासायनिक पायरी बाद केली.

संगणकावर नव्यानं आखलेल्या प्रथिनांचंही असंच आहे. डेव्हिड बेकर यांच्या गटानं २००८ मध्ये निसर्गात नसलेली केम्प अभिक्रिया घडवणारी एन्झाइमं आखली. ती चालली, पण मंद. मग निवडीच्या फेऱ्यांनी त्यांची कार्यक्षमता २०० पटींहून जास्त वाढली. बेकर यांना २०२४ चं नोबेल मिळालं, ते अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीच्या डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांच्यासोबत. अल्फाफोल्डमुळे आता अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाचा आकार चांगला वर्तवता येतो. पण एका अमिनो आम्लाच्या बदलानं वेग किती वाढेल किंवा घटेल, हे त्या आकारातून थेट वाचता येत नाही. त्यामुळे थाळी आणि परीक्षानळी अजूनही लागतातच.

निवडीतून विजेता मिळाला म्हणजे तो का जिंकला हे कळलं, असंही नाही. अर्नोल्ड यांच्या एन्झाइमचा क्रम वाचल्यावर दिसलं, की बदललेली अमिनो आम्लं एन्झाइमच्या एकाच बाजूला, कामाच्या जागेच्या आसपासच्या सैल वळणांवर गोळा झाली होती. ही जागांची माहिती झाली, कारणांची नाही. विजेत्यांत काही म्युटेशन नुसती सोबत आलेली असतात. मोठ्या कड्याशी त्यांचा काहीच संबंध नसतो. ती ओळखण्यासाठी मग साइट-डायरेक्टेड म्युटाजेनेसिसच हाती घेतात: एकेक बदल परत मूळ अक्षरावर न्यायचा आणि दर वेळी वेग मोजायचा. वेग घसरला तर तो बदल कामाचा होता. तसाच राहिला तर तो काढून टाकता येतो.