खुरीस

खुरीस म्हणजे क्रूस. शब्द पोर्तुगीजांबरोबर आला आणि गोव्यात तो सगळ्यांचाच झाला, बसमध्ये हिंदू म्हातारीसुद्धा कंडक्टरला 'खुरसाकडेन रावय' (खुरसाजवळ थांबव) असंच सांगते, म्हणजे स्टॉपचं नाव काहीही असो, वाड्याचा, म्हणजे वस्तीचा, पत्ता खुरसावरून ठरतो. मराठी बायबलात यालाच वधस्तंभ म्हटलंय, आणि माझ्या मते तो शब्द जास्त खरा आहे, कारण झेंडूचा हार घातलेला पांढराशुभ्र खुरीस रोज बघून बघून आपण विसरूनच जातो की ही मुळात माणूस मारायची वस्तू होती.

रोमन राज्यात क्रूसावर खिळणं ही गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा, रोमन नागरिकाला सहसा ती देत नसत. जीव जायला तासन्तास, कधी दिवसही लागायचे आणि ते सगळं चारचौघांत, रस्त्यालगत, येणाऱ्याजाणाऱ्याला धाक बसावा म्हणून. रोमन सुभेदार पिलाताने येशूला हीच शिक्षा दिली आणि वर पाटी लावली, 'नासरेथकर येशू, यहुद्यांचा राजा', योहानाच्या शुभवर्तमानात ती हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती असं आहे. त्यातल्या लॅटिन मजकुराची आद्याक्षरं, आय एन आर आय, आजही बऱ्याच क्रूसांवर दिसतात. अशा मेलेल्या माणसाला देव म्हणायचं हे त्या काळच्या लोकांना चक्क वेडेपणाचं वाटायचं, येशूचा प्रेषित पौल याने आपल्या पत्रात ते लपवलेलं नाही. त्यामुळे सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या चित्रांत मासा दिसतो, मेंढपाळ दिसतो, क्रूस उघडपणे फारसा नाही. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती धर्माच्या बाजूने आला, मग क्रूस उघड मिरवायला लागला.

श्रद्धा काय सांगते ते थोडक्यात असं की देवाने माणसाचं दुःख लांबून बघितलं नाही, स्वतःच्या अंगावर घेतलं, माणसाच्या पापाची किंमत येशूने भरली आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. हा तिसरा दिवस काढून टाकला तर मागे नुसता वधस्तंभ उरतो. कॅथलिक क्रूसावर बहुधा येशूचं शरीर असतं आणि प्रोटेस्टंट रिकामा क्रूस लावतात, एकाची नजर यातनेवर, दुसऱ्याची उठण्यावर, भांडण वाटतं तेवढं मोठं नाही.

रोजच्या जगण्यात क्रूस बहुतेक वेळा हातानेच काढला जातो. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा, 'बापाच्या, पुताच्या आनी इस्पिरिता सांताच्या नांवान' (ऑर्थोडॉक्स लोक आधी उजवा खांदा घेतात). इ.स. २०० च्या आसपास तेर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय की आम्ही घरातून निघताना, परत येताना, जोडे घालताना, दिवा लावताना कपाळावर ही खूण करतो. गोव्यात आज जोड्यांच्या जागी स्कूटर आली एवढाच फरक, इगर्जीसमोरून (चर्चसमोरून) जाताना हँडलवरचा एक हात क्षणभर सुटतो, पेनल्टी मारायच्या आधी पोरगा तेच करतो आणि सान्नांचं (इडलीसारख्या वाफवलेल्या पदार्थाचं) पीठ रात्री आंबायला ठेवताना त्यावर बोटाने क्रूस काढणाऱ्या आज्या अजून आहेत.

बाहेरचा खुरीस जांभ्या चिऱ्यांच्या चौथऱ्यावर असतो, वर चुना नाहीतर ऑइल पेंट, समोर मेणबत्तीला कोनाडा. कॅथलिक घराच्या अंगणात तो उभा असतो आणि शेजारच्या अंगणात तुळशीवृंदावन, दोघांना संध्याकाळी उजेड लागतो. वाड्यावरचा खुरीस मात्र सगळ्यांचा, कोर्टाच्या केसपासून दहावीच्या निकालापर्यंत काहीही बोलून तिथे मेणबत्ती लावतात आणि लावणारा दर वेळी ख्रिश्चन असतो असं नाही.

पण हे सगळं गोडगोड म्हणून सांगितलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने गोवा घेतला तेव्हा क्रूस सत्तेबरोबरच आला, सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली, १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आलं, तेव्हा कित्येक घरांना क्रूस म्हणजे भीतीच होती. दुसरीकडे क्रूस पोर्तुगीजांच्या आधीही इथे आला असावा, झुआरी नदीकाठी आगशीला २००१ मध्ये पहलवी (जुन्या इराणी) अक्षरं कोरलेला दगडी क्रूस सापडला, तशाच पहलवी लेखाचे क्रूस केरळातल्या जुन्या चर्चमध्येही आहेत. आणि आपल्या मराठीचं सांगायचं तर इंग्रज पाद्री फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या सासष्टीत रायतूरला छापलं गेलं, क्रूसावरच्या मरणाची कथा ओवीत, मराठीत, पण रोमन अक्षरांत. क्रूस वधस्तंभच राहिला पण सांगायची चाल पुराणिकाची झाली.

जुन्या गोव्यात से कॅथेड्रलमध्ये चमत्काराचा खुरीस आहे. १६१९ मध्ये त्यावर येशूचं दर्शन झालं अशी श्रद्धा, आणि तो वाढत जातो असंही लोक सांगतात.

खुरसाचं फेस्त, म्हणजे सण, ही खरी मजा. ३ मे हा क्रूस सापडल्याचा जुना सण, कॉन्स्टंटाइनची आई सेंट हेलेना हिला जेरुसलेममध्ये खरा क्रूस मिळाला ती कथा, रोमने १९६० मध्ये ही तारीख सर्वसाधारण कॅलेंडरमधून काढली आणि मुख्य दिवस १४ सप्टेंबर राहिला, पण सप्टेंबरात गोव्यात पाऊस, उघड्यावर फेस्त कोण करणार? त्यामुळे गावांनी मे सोडला नाही. आधी रंगकाम, मग पताका आणि लायटिंग, संध्याकाळी लदीन (गाऊन म्हणायची प्रार्थना), व्हायोलिनवाला मिळाला तर उत्तमच, लॅटिनमधल्या ओळी अर्थ न कळता पाठ असलेले म्हातारे आणि शेवटी कागदाच्या पुडीत उकडलेले चणे आणि घोटभर फेणी. शेजारचे हिंदू चण्यांसाठी येतात, काही नंतर फेणीसाठीही थांबतात.

गुड फ्रायडेला याच्या अगदी उलट. घंटा बंद, तिच्याऐवजी मात्राक नावाचं लाकडी खुळखुळं खडखडतं, काही इगर्जींत हात वळणारी येशूची मूर्ती क्रूसावरून खाली उतरवतात आणि ते बघताना एवढ्या गर्दीत कोणी खोकत पण नाही.

वळणावरचे छोटे खुरीस वेगळे, तिथे कोणाचातरी अपघात झालेला असतो. रस्ता रुंद करायचा म्हटलं की यांचा प्रश्न येतोच, हलवायचा तर पाद्रीबाबला बोलावून प्रार्थना करतात. आणि सिमितेरीत (दफनभूमीत) तर प्रत्येक खड्ड्यावर नाव आणि तारीख लिहिलेला लाकडी क्रूस असतो, २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, घरची माणसं येऊन गवत उपटतात, पावसाने पुसलेली अक्षरं परत रंगवतात.