यादृच्छिक प्रयोगांची बीजगणितीय रचना

प्रयोगातील कोणती प्रक्रिया (उदा. पिकाचे वाण) कोणत्या एककावर (उदा. वाफ्यावर) करायची, याची मांडणी बीजगणिताने बसवून मग ती चिठ्ठ्या टाकून वाटण्याची पद्धत. यादृच्छिक वाटपामुळे प्रयोगकर्त्याचा कल निकालात शिरत नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1920च्या दशकात इंग्लंडमधील रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रात हे तत्त्व रुजवले. पण निव्वळ चिठ्ठ्यांवर सोडले, तर एखादे वाण सगळेच्या सगळे सुपीक वाफ्यांत जाऊन पडू शकते. समतोल आधी रचावा लागतो.

समजा, 7 वाणांची तुलना करायची आहे आणि जमिनीच्या एका पट्ट्यात तीनच वाण मावतात. सगळी त्रिकुटे घेतली तर 35 पट्टे लागतील. वाणांना 0 ते 6 क्रमांक द्यावेत आणि 0, 1, 3 हे त्रिकूट घ्यावे. त्यातील अंकांची परस्पर वजाबाकी (दोन्ही क्रमांनी) 7 ने भागून बाकी घेतली, तर 1 ते 6 यांपैकी प्रत्येक बाकी नेमकी एकदाच मिळते. म्हणून या त्रिकुटात 0, 1, … 6 मिळवत गेले (बेरीज 7 किंवा जास्त झाली तर 7 वजा करून), की अवघ्या 7 पट्ट्यांत वाणांची प्रत्येक जोडी एकदा, आणि एकदाच, एका पट्ट्यात येते. इतक्या साध्या बेरजेतून एवढा काटेकोर समतोल निघावा, हे या विषयाचे खरे सौंदर्य आहे.

चिठ्ठ्या यानंतर: कोणत्या वाणाला कोणता क्रमांक, कोणते त्रिकूट कोणत्या पट्ट्यात, पट्ट्यात कोण कुठे. या अदलाबदलींनी जोड्यांचा हिशेब बिघडत नाही.

लॅटिन चौरस म्हणजे प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येणारी मांडणी. त्यांच्यासाठी संख्याशास्त्रज्ञ राजचंद्र बोस यांनी 1938 मध्ये सांत क्षेत्रे (चारही मूलभूत क्रिया चालतील अशा मर्यादित संख्यांच्या रचना) वापरली. चौरसाचा क्रम (ओळींची संख्या) अविभाज्य संख्येचा घात असेल, तर परस्परलंब (एकावर एक ठेवल्यास चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच देणाऱ्या) चौरसांचा पूर्ण संच त्यांतून मिळतो. क्रम 6 साठी अशी एक जोडीही नाही. 10, 14 अशा क्रमांसाठीही ती नसावी, हा गणिती ऑयलर यांचा 1782 मधील तर्क मात्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी 1959-60 मध्ये खोडून काढला.

प्रयोग आटोपशीर करण्याची किंमतही बीजगणितच सांगते. दोन-दोन पातळ्यांच्या (उदा. कमी आणि जास्त) तीन घटकांचे 8 संयोग होतात. पातळ्यांना +1 आणि −1 मानून ज्यांचा गुणाकार +1 येतो असे चारच संयोग घेतले, तर पहिल्या घटकाचा रकाना उरलेल्या दोघांच्या गुणाकाराशी तंतोतंत जुळतो. मग दिसलेला परिणाम पहिल्याचा की त्या दोघांच्या संयुक्त क्रियेचा, हे आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी राहिलेले चार संयोगही करून पाहावे लागतात.