मदरबोर्ड बदलल्यावर विंडोज का रुसते?

पावसाळ्यात विजेचा दाब वरखाली होऊन मदरबोर्ड जळतो. दुकानदार नवा बसवून जुनीच हार्ड डिस्क जोडून देतो. संगणक सुरू होतो, फायली जागच्या जागी असतात, आणि कोपऱ्यात 'विंडोज ॲक्टिव्हेट करा' अशी पुसट अक्षरे उमटतात. विंडोज पैसे मोजून घेतलेली, डिस्क तीच, मालक तोच; पण कंपनीच्या लेखी हे यंत्र वेगळे. हे भांडण विंडोजने सुरू केलेले नाही. प्रोग्रॅम माणसाला विकला की यंत्राला, याचा निकाल विंडोज जन्मायच्या बराच आधी यंत्राच्या बाजूने लागला होता.

जून १९६९ पर्यंत आयबीएमच्या मोठ्या संगणकाबरोबर सॉफ्टवेअर 'फुकट' येई, म्हणजे त्याचे पैसे यंत्राच्या भाड्यातच धरलेले असत. मक्तेदारीविरोधी खटल्याचे सावट असताना कंपनीने दोन्हींचा हिशेब वेगळा करायचे जाहीर केले. आता वेगळे विकायचे तर मोजायचे कशावर? परवाना एका ठरावीक प्रोसेसरसाठी, त्याच्या अनुक्रमांकासह लिहून दिला जाऊ लागला. १९७० मध्ये आलेल्या सिस्टिम/३७० ला तर स्वतःचा क्रमांक सांगणारी आज्ञाच होती, त्यामुळे प्रोग्रॅमलाही आपण कुठे चालतो आहोत हे तपासता येई.

पुढे सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या वर्कस्टेशनवर, म्हणजे इंजिनिअरांच्या ताकदवान संगणकांवर, हेच तत्त्व छोट्या आकारात आले. यंत्राचा 'होस्ट आयडी' बोर्डावरच्या एका सुट्या निघणाऱ्या चिपमध्ये असे, आणि महागड्या इंजिनिअरिंग सॉफ्टवेअरची लायसन्स फाइल त्या आयडीशी बांधलेली. चिपच्या पोटात बॅटरी होती. काही वर्षांनी ती संपली की यंत्र स्वतःची ओळख विसरे आणि लायसन्स बंद पडे. पण बोर्ड बदलायची वेळ आली, तर तंत्रज्ञ जुन्या बोर्डावरची ती चिप उपटून नव्यावर बसवत, आणि होस्ट आयडी कायम राही. यंत्राची ओळख आणि यंत्राचा बोर्ड या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे शहाणपण तिथे होते. पुढच्या काळात ते हरवले.

आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांना याच धाटणीची दुसरी वस्तू पक्की ठाऊक आहे: डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची किल्लीवजा डबी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपी या भारतीय लिप्यांच्या सॉफ्टवेअरचे असे हार्डवेअर लॉक पोर्टला लावल्याशिवाय काम पुढे सरकत नसे. डोंगल हरवले, तुटले की डोक्याला ताप. नव्या संगणकांना पॅरलल पोर्टच येईनासा झाला तेव्हा आणखी एक अडचण. त्याला कितीही शिव्या दिल्या तरी संगणक बदलण्यापुरते ते सर्वांत सरळ होते. जुन्यातून काढा, नव्याला लावा. कोणाची परवानगी नको.

सामान्य घरगुती पीसीला असे काही नव्हते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जोडलेल्या संगणकाची ओळख सांगेल असा एकच क्रमांक कुठून आणणार? इंटेलने १९९९ मध्ये पेंटियम-३ मध्ये अनुक्रमांक घातला, तेव्हा खासगीपणाच्या मुद्द्यावर इतका गदारोळ झाला की पुढच्या पिढीत तो काढून टाकावा लागला. मग मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये ऑफिस एक्सपी आणि पाठोपाठ विंडोज एक्सपीबरोबर सक्तीचे ॲक्टिव्हेशन, म्हणजे प्रत या यंत्रावर चालवायला कंपनीची मंजुरी घेणे, आणले, तेव्हा ओळख दहा तुकड्यांतून बनवली: प्रोसेसर, रॅमचे प्रमाण, डिस्प्ले कार्ड, हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह, नेटवर्क कार्ड वगैरे. नेटवर्क कार्ड तेच असेल तर बाकीच्यांपैकी सहा गोष्टी बदलेपर्यंत विंडोज गप्प बसे. तेही बदलले तर त्याच्यासह चार बदलांत पुन्हा ॲक्टिव्हेशन. इंटरनेट नसेल तर फोनवर पन्नास अंकी आकडा वाचून दाखवायचा आणि पलीकडून मिळालेला लांबलचक आकडा टाइप करायचा. बर्लिनच्या फुली लायसन्स्ड या कंपनीने त्याच वर्षी ही यंत्रणा उकलून दाखवली. लोकांना वाटली होती त्यापेक्षा ती सहनशील निघाली.

मात्र नेटवर्क कार्ड मदरबोर्डवरच येऊ लागले आणि हिशेब बिघडला. एक बोर्ड बदलला की ओळखीचे बरेच तुकडे एकदम बदलत. शिवाय नव्या पीसीबरोबर स्वस्तात मिळणारी ओईएम विंडोज नियमानेच त्या पीसीची, आणि मायक्रोसॉफ्टच्या व्याख्येत मदरबोर्ड म्हणजेच पीसी. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने २००० मध्येच, ओईएम प्रत नव्या यंत्राबरोबरच विकली जावी हे बंधन पुढच्या विक्रेत्यावर लादता येत नाही असे म्हटले होते, पण तो निकाल तिथल्यापुरता.

ग्राहक ओरडले तेव्हा कंपनी नमली, हेही खरे. व्हिस्टा या एक्सपीनंतरच्या विंडोजच्या करारात परवाना एकदाच दुसऱ्या यंत्रावर नेता येईल असे २००६ च्या ऑक्टोबरमध्ये लिहिले आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेतले. ऑफिस २०१३ कायमचे एकाच संगणकाला बांधले आणि महिन्याभरात सैल केले. एकाच कंपनीने सात वर्षांत तोच प्रयोग दोनदा करावा, याला चूक म्हणवत नाही. किती ताणता येते, हे पाहिले जात होते.

विंडोज ८ पासून मोठ्या ब्रँडच्या संगणकांत प्रॉडक्ट की, म्हणजे परवान्याचा क्रमांक, बोर्डाच्या फर्मवेअरमध्येच (बोर्डावरच्या चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये) येऊ लागली. बोर्ड भंगारात गेला की कीही गेली. २०१५ च्या विंडोज १० मध्ये फुकट अपग्रेड करणाऱ्यांच्या हाती नवी की आलीच नाही, यंत्राची खूण थेट मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली गेली. मग बोर्ड बदलणाऱ्याने टाइप काय करायचे? तक्रारी वाढल्यावर ऑगस्ट २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटमध्ये ही नोंद, म्हणजे डिजिटल लायसन्स, मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडायची सोय झाली, आणि 'नुकतेच हार्डवेअर बदलले' असे सांगायला पर्याय मिळाला. इतक्या वर्षांनी माणूस हिशेबात आला, तोही खातेदार म्हणून. सर्व्हरवर विसंबण्याची जोखीम तोवर दिसून चुकली होती: फोटोशॉपवाल्या ॲडोबीने सीएस२ या आपल्या जुन्या सॉफ्टवेअर-संचाचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले, तेव्हा जुन्या ग्राहकांना ॲक्टिव्हेशन न लागणारी वेगळी प्रत द्यावी लागली.

ओईएमच्या नियमात दुरुस्तीसाठी एक वाट पूर्वीपासून आहे. बोर्ड बिघडला म्हणून बदलला तर परवाना टिकतो, हौसेने वरचा घेतला तर नाही. पण बोर्ड का बदलला हे संगणकाला कळत नाही. ते सांगायला अजूनही सपोर्टमधल्या माणसाला गाठावे लागते, आणि दुकानदाराची पावती तेव्हाच कामाला येते.